शेजाऱ्याचा शब्द

वसईच्या किनाऱ्याने अर्नाळ्याहून दक्षिणेकडे चालू लागले म्हणजे सुरूच्या झाडांच्या रांगा, वाळूचा लांबच लांब पट्टा आणि त्यामागे नारळी-केळींत दडलेल्या वाड्या असा देखावा कोसन् कोस डोळ्यांसमोरून सरकत जातो. राजोडी, कळंब, भुईगाव ही त्या वाटेवरची गावे. पूर्वेस थोड्याच अंतरावर निर्मळचे तीर्थ आहे आणि त्याच्या पलीकडे नालासोपारा हे दाट वस्तीचे शहर. कळंबचे नाव आज मुंबईकरांस ठाऊक आहे ते बहुधा सुट्टीच्या दिवसाची सहल म्हणून. परंतु ज्या विषयावर मी आज आपणांशी बोलणार आहे, त्याचा इतिहास शोधावयाचा तर ह्या किनाऱ्यासारखी दुसरी जागा सापडणे कठीण. तो विषय म्हणजे तरुण पिढीला व्यसनापासून दूर ठेवण्यासाठी समाजाने एकत्र येऊन केलेले प्रयत्न. त्यांतले कोणते टिकले, कोणते विरले, आणि असे का झाले.

आरंभ एका दगडापासून करू. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उजेडात आणला, आणि त्याच सुमारास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही तेथे सापडला, हे पुष्कळांना माहीत असते. त्यानंतर ७४ वर्षांनी, १९५६ मध्ये, कळंबच्या दक्षिणेकडील भुईगाव येथे त्याच मालेतील नवव्या लेखाचा तुकडा हाती आला. ह्या नवव्या लेखाचा आशय मोठा मार्मिक आहे. लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासास निघताना नाना प्रकारचे मंगलविधी करतात. ते करावेत, पण त्यांचे फळ थोडे, असे अशोक म्हणतो. खरे फळ देणारा विधी म्हणजे सदाचरण : नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांना मान देणे, प्राणिमात्रांविषयी संयम राखणे. आणि हे सांगावयाचे कोणी? पित्याने, पुत्राने, भावाने, धन्याने. लेखाच्या काही ठिकाणच्या प्रतींत ह्या यादीत मित्राची, ओळखीच्या माणसाची आणि शेवटी शेजाऱ्याचीही भर आहे. ज्याच्या आज्ञेने सारा देश हलत होता, तो राजाही चांगली गोष्ट माणसाच्या गळी उतरविण्याचे काम अखेर घरच्यांवर आणि शेजाऱ्यांवर सोपवितो, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. आपल्या विषयाचे मर्म ह्यात आहे असे मला वाटते, आणि पुढचा सारा इतिहास मी ह्याच कसोटीवर घासून पाहणार आहे.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. उत्तर कोकणात ताड, माड व शिंदी ह्यांचे वैभव मोठे. किनाऱ्यावर झाडांच्या रसाची ताडी-माडी आणि आतल्या डोंगरपट्टीत मोहाच्या फुलांची दारू, ही पेये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. झाडावर चढून रस काढणे हा भंडारी समाजातील अनेक कुटुंबांचा वडिलोपार्जित धंदा होता. तेव्हा लोक पीत नसत असे नव्हे. सणावाराला, लग्नात, श्रमाच्या दिवसाअखेर ते पीतच असत. तथापि जे प्यावयाचे ते घरी किंवा गावातच तयार होई, आणि किती व केव्हा प्यावयाचे ह्यावर घराचा व जातभाईंचा डोळा असे.

ही घडी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मोडली. रस काढण्यासाठी प्रत्येक झाडावर कर बसला. घरगुती भट्ट्या गुन्हा ठरल्या, मद्य ठरावीक मोठ्या भट्टीतच गाळले जाऊ लागले आणि मक्तेदाराच्या परवान्याच्या दुकानांतून विकले जाऊ लागले. पुढे १८९२ मध्ये मोहाच्या फुलांसंबंधी निराळा कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ती फुले जवळ बाळगण्यावरही निर्बंध घालण्यात आले. जी फुले आदिवासी कुटुंब भुकेच्या दिवसांत शिजवून खाई, ती वेचणेही संशयाचे झाले. ह्या बदलाचा परिणाम दुहेरी झाला. सरकारी तिजोरीत अबकारीचे उत्पन्न वाढत गेले, इतके की त्यावाचून प्रांताचा कारभार चालेना. दुसरीकडे, मद्य गावाच्या हातून निघून दुकानात गेले. दुकानदाराचा नफा अधिक खपावर अवलंबून, आणि उधारीची वही त्याच्यापाशी; गिऱ्हाईक तरुण की म्हातारा, त्याने आधीच किती घेतली आहे, हे पाहण्याचे त्याला कारण नव्हते. अशा रीतीने शेजाऱ्याचा डोळा त्या व्यवहारातून नाहीसा झाला.

ह्याविरुद्ध पहिली चळवळ सुशिक्षितांनी उभारली ती शहरांत. १९०८ च्या एप्रिलमध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने मद्यपाननिषेधाची जोराची चळवळ झाली. तरुण स्वयंसेवक, त्यांत विद्यार्थी पुष्कळ, दारूच्या गुत्त्यांसमोर उभे राहत आणि आत जाणाऱ्यांस परत फिरण्याची विनंती करीत. सरकारने कित्येक स्वयंसेवकांवर खटले भरले. जूनमध्ये लोकमान्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि ती चळवळही लवकरच मावळली. तिने एक गोष्ट मात्र दाखवून दिली. तरुणांना उपदेश ऐकावयास बसविण्यापेक्षा त्यांच्या हाती काम दिले तर ते उत्साहाने पुढे येतात. उणीव होती ती अशी, की गुत्त्यासमोर उभा असलेला विद्यार्थी आणि गुत्त्यात जाणारा मजूर हे एका आळीतले नव्हते. विनंती करणारा संध्याकाळी आपल्या घरी परत जाई. ज्याला विनंती केली, त्याची संध्याकाळ होती तशीच राही.

ह्याच्या उलट प्रकार चौदा वर्षांनी आपल्या ह्या किनाऱ्याजवळ घडला. अर्नाळ्याच्या पलीकडे वैतरणेचे मुख ओलांडले म्हणजे पालघर तालुका लागतो. तेव्हा तो ठाणे जिल्ह्यात होता; १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला असून वसई तालुकाही आता त्यातच आहे. १९२२ च्या प्रारंभी तेथील मांगेला कोळ्यांच्या गावांत देवीच्या रोगाची भीती पसरली होती. रोगाच्या अधिष्ठात्रीला शांत करण्यासाठी मच्छीमार स्त्री-पुरुष एकत्र जमू लागले. कोणाच्या तरी अंगात येई, आणि त्या मुखाने देवी बोले. येथवर पाहिले तर अशोकाने ज्याला थोड्या फळाचा विधी म्हटले, त्यातलाच हा एक, आजारपणातला मंगलविधी. परंतु ह्या विधीचे फळ थोडे राहिले नाही.

किनाऱ्यावरून ही पूजा डोंगरपट्टीत गेली, आणि जसजशी ती वारली, कोकणा, चौधरी, गामीत, धोडिया अशा आदिवासी समाजांतून उत्तरेकडे सरकत गेली, तसतसे तिचे रूप पालटत गेले. धरमपूर, वांसदा ही संस्थाने, डांग, सुरत जिल्हा, बडोदे संस्थानाचा नवसारी प्रांत, असा तिचा प्रवास त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत झाला. दारू व ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, रोज स्नान करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा, आणि ज्यांच्या दारूच्या दुकानांत व शेतांवर आपण बांधले गेलो आहोत त्यांच्याशी व्यवहार तोडा, अशा देवीच्या आज्ञा गावोगाव ऐकू येऊ लागल्या. शेकडो माणसे मांडवात बसत, आज्ञा ऐकत, आणि सारे गाव मिळून शपथ घेई. पुढे त्या आज्ञांत गांधीजींचे व चरख्याचे नावही मिसळले. १९२३ च्या जानेवारीत सुरत भागात शेखपूर येथे भरलेल्या परिषदेस हजारो आदिवासी लोटले. कस्तुरबा गांधी त्या परिषदेस उपस्थित होत्या. डेव्हिड हार्डिमन ह्या इतिहासकाराने गावोगाव फिरून, वृद्धांच्या तोंडून आठवणी गोळा करून ह्या चळवळीचा इतिहास लिहिला व तो १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळेच ही हकीकत आज आपल्याला इतक्या तपशिलाने कळते.

हे सारे ऐकून सुशिक्षित श्रोत्यांच्या मनात शंका येईल, की अंगात येण्याच्या ह्या प्रकारात अनुकरणीय ते काय? शंका रास्त आहे. पण थोडा विचार केला तर असे दिसून येईल की देवी काय बोलते हे मुख्य नसून ती कोणासमोर बोलते हे मुख्य होते. शपथ एकट्याने घेतलेली नव्हती; सासू-सून, बाप-लेक, धनी-गडी ह्यांनी एकाच मांडवात बसून घेतलेली होती. व्रत मोडणाऱ्याला संध्याकाळी ज्याच्या ओटीवर बसावयाचे, त्या शेजाऱ्यानेही तीच शपथ घेतली होती. दारूच्या दुकानावर जाणे म्हणजे दुकानदाराचे ऋण डोक्यावर घेणे, हे त्या लोकांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून व्यसनमुक्ती हा त्यांच्या दृष्टीने नीतीचा जेवढा, तेवढाच स्वातंत्र्याचा प्रश्न झाला. आणि मुलांच्या दृष्टीने पाहिले तर त्यांना निराळा उपदेश करण्याची गरजच उरली नाही. घरात मडके नाही, लग्नात बुधले नाहीत, बापाच्या तोंडाला वास नाही, अशा घरात जो मुलगा वाढला त्याला दारू ही मोठेपणाची खूण वाटावयाची कशी?

तथापि सत्य पुरते सांगितले पाहिजे. ही लाट आली तशी पुष्कळ ठिकाणी ओसरलीही. दुकानदारांचा व जमीनदारांचा दाब आला, अधिकाऱ्यांची वक्रदृष्टी झाली, आणि वर्ष-दोन वर्षांत बरेच लोक पुन्हा पिऊ लागले. गुजरातच्या त्या भागात समाजाचे दोन तट पडले : व्रत पाळणारे ते ‘वर्जेला’ आणि परत फिरलेले ते ‘सर्जेला’. त्यांच्यातले रोटीबेटीचे व्यवहारही तुटू लागले. म्हणजे ज्या शपथेने गाव एक केले, तिनेच पुढे गाव दुभंगले. जो पडला त्याला पुन्हा उठून उभे राहण्यास मदत करण्याची वाट त्या व्यवस्थेत नव्हती. त्याला बाहेर टाकण्याची मात्र होती. मग व्रत टिकले कोठे? जेथे मांडव उठल्यावर काही माणसे गावात राहिली तेथे. वेडछीच्या परिसरात चुनीलाल मेहता, जुगतराम दवे ह्यांच्यासारखे कार्यकर्ते चौधरी समाजात वर्षानुवर्षे वसले. सूत, शाळा, भजन, शेती ह्यांचा रोजचा कार्यक्रम त्यांनी उभा केला. देवीने रिकामी केलेली संध्याकाळ तेथे कशाने तरी भरली गेली, आणि म्हणून ती पुन्हा दारूने भरली नाही.

आता कायद्याकडे वळू. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर ह्यांच्या नेतृत्वाखाली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी डॉ. गिल्डर ह्यांच्या खात्यामार्फत मुंबई शहरात व उपनगरांत दारूबंदी सुरू झाली. मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर तिचा जोर गेला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून सबंध मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी अंमलात आली. हेतू निःसंशय उदात्त होता. पण ज्या किनाऱ्यावर हजारो हातांना झाडाच्या रसाने काम दिले होते, त्या हातांचे काय? ह्या प्रश्नाला गांधीजींच्या कार्यकर्त्यांचे उत्तर होते नीरा व ताडगूळ. सूर्योदयापूर्वी उतरविलेला ताजा रस आंबण्यापूर्वी प्यावा, किंवा आटवून त्याचा गूळ करावा, म्हणजे झाडही राहते आणि धंदाही राहतो. पुढे खादी-ग्रामोद्योगाच्या कामातून ह्याच जिल्ह्यात डहाणूस त्याचे शिक्षण देणारे केंद्र उभे राहिले. विचार उत्तम होता. मात्र दारूबंदीने गमावलेली मिळकत नीरेने भरून निघण्याइतका त्याचा विस्तार झाला नाही. ज्याचे पोट मारले गेले त्याला बंदीचा भागीदार करावयाचे राहून गेले. हातभट्टीचा चोरटा धंदा फोफावला, त्यात पैसा आला, पैशाबरोबर गुंडगिरी आली, आणि १९६० नंतरच्या दशकांत निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल करावे लागले. कायदा मात्र पुस्तकात अजून आहे. मद्य पिण्यास परवाना लागतो, आणि पंचवीस वर्षांखालील व्यक्तीस तीव्र मद्य विकता येत नाही, हे आज किती तरुणांना ठाऊक असेल?

दारूची ही कथा ओळखीची आहे, कारण दारू दिसते, तिचा वास येतो. १९८० च्या सुमारास मात्र मुंबईत एक न दिसणारा शत्रू शिरला. ‘गर्द’ किंवा ब्राऊन शुगर ह्या नावाने तो ओळखला जाऊ लागला. अशुद्ध हेरॉइनची ती भुकटी. ओढणारा मुलगा महिनोन् महिने घरात वावरे आणि आईबापांना पत्ता नसे. १९८५ मध्ये अमली पदार्थांसंबंधीचा कडक केंद्रीय कायदा झाला. पण त्याच सुमारास समाजातूनही दोन कामे उभी राहिली, ती आपल्या कसोटीला उतरणारी आहेत. पहिले काम १९८१ चे. फादर ज्यो परेरा ह्यांनी वांद्र्यास ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. त्याचे एक केंद्र वसईतही आहे. फादर स्वतः मद्याच्या व्यसनातून बाहेर पडलेले, आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. मुंबईत १९५७ पासून रुजलेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ह्या मंडळाची रीतही हीच, की पडून उठलेल्या माणसाने पडलेल्याचा हात धरावयाचा. दुसरे काम पुण्याचे. डॉ. अनिल अवचट ह्यांनी गर्दवर लिहिलेले लेख वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. व सुनीताबाई देशपांडे ह्यांनी देणगी दिली, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट ह्यांच्या नेतृत्वाखाली ‘मुक्तांगण’ सुरू झाले. तेथे रुग्णाबरोबर त्याच्या आईला, पत्नीलाही समजून घेतले जाते, आणि व्यसनातून सुटलेली माणसेच पुढे कार्यकर्ते होतात. १९२२ च्या मांडवात जी उणीव होती ती येथे भरून निघाली. जो पडला त्याला परत येण्याचे दार येथे उघडे आहे.

आता आपण पुन्हा कळंबच्या आसमंतात येऊ. गेल्या दहा-बारा वर्षांत गर्दच्या जागी मेफेड्रोन नावाचे रासायनिक विष पसरले. बाजारात त्याला ‘एम. डी.’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणतात. २०१५ च्या फेब्रुवारीत ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणण्यात आले. त्याला शेत लागत नाही, अफूची बोंडे लागत नाहीत. रसायने आणि एक खोली पुरे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने नालासोपाऱ्यात सुमारे ७०० किलो मेफेड्रोन पकडले. त्याची किंमत १४०० कोटी रुपयांच्या घरात सांगितली गेली. कळंबच्या वाळूपासून ते ठिकाण काही मैलांवर. ज्या सोपाऱ्याच्या बंदरातून एके काळी देशोदेशी माल जाई, त्या सोपाऱ्याचे नाव अशा मालाने वर्तमानपत्रांत यावे ही मनाला लागणारी गोष्ट आहे.

पण केवळ हळहळून भागणार नाही. काय बदलले ते पाहावयास हवे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. पहाटेच्या गाडीने मुंबईस जाणारे आणि रात्री परतणारे आईबाप, दोन खोल्यांच्या घरात दिवसभर एकटी राहणारी मुले, आणि जिन्यावर भेटूनही नाव ठाऊक नसलेला शेजारी, असे नव्या वस्त्यांतले जीवन आहे. अबकारी कायद्याने मद्याच्या व्यवहारातून शेजाऱ्याचा डोळा काढून घेतला होता. नगरजीवनाने तो सगळ्याच व्यवहारांतून काढून घेतला. व्यापाऱ्याने मोकळी जागा हेरली ती येथे. मुलाला एम. डी. ची पहिली पुडी कोणी अनोळखी राक्षस आणून देत नाही. बहुधा ओळखीचा, थोडा मोठा, थोडा मोकळ्या हाताचा असा दोस्तच देतो. म्हणजे शेजाऱ्याची रिकामी झालेली जागा कोणी तरी घेतलीच, फक्त उलट्या कामासाठी.

मग ती जागा परत कशी भरावी? ह्याची उदाहरणे जवळ आहेत आणि दूरही आहेत. गडचिरोलीत १९८८ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग आणि अनेक गावे, संस्था व कार्यकर्ते ह्यांनी दारूमुक्तीची चळवळ केली, आणि १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. परंतु बंदी झाली म्हणजे काम झाले असे मानण्याची चूक तेथे टिकली नाही; २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ ह्या नावाने सरकार, स्वयंसेवी संस्था व गावोगावच्या संघटना मिळून दारू व तंबाखू ह्या दोहोंविरुद्ध काम करू लागल्या. महाराष्ट्रातील अनेक गावांत स्त्रियांनी मतदानाने दारूची दुकाने बंद करविली. मतपत्रिकेवरची ‘आडवी बाटली’ ही खूण त्यातूनच लोकांच्या बोलण्यात रुळली.

दूरचे उदाहरण आइसलंडचे. उत्तर ध्रुवाजवळचा हा चिमुकला देश. १९९८ मध्ये तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागल्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगल्याचे सांगितले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी केले काय? दरवर्षी मुलांना प्रश्न विचारून स्थिती मोजली. आईबापांनी शाळेशाळेतून परस्परांशी लेखी करार केले, की आपल्या घरी कोणाच्याही मुलाला दारू मिळणार नाही. रात्री ठरावीक वेळेनंतर मुले रस्त्यावर दिसू नयेत असा नियम केला. आणि खेळ, संगीत, नाच ह्यांसाठी नगरपालिकांनी पैसे दिले, म्हणजे गरीब घरच्या मुलालाही संध्याकाळी जावयास जागा मिळाली. बारकाईने पाहिले तर ह्यात आपल्याला अपरिचित असे काहीच नाही. मांडवातली सामायिक शपथ आणि वेडछीची भरलेली संध्याकाळ, ह्याच दोन गोष्टी तेथे हिशेबाने व सातत्याने केल्या गेल्या.

ह्या सगळ्या इतिहासातून माझ्या मनावर तीन गोष्टी ठसल्या, त्या सांगून मी हे भाषण आटोपते घेतो. पहिली ही, की व्रत सामायिक असावे. मुलाने सिगारेट ओढू नये असे सांगणारा बाप स्वतः पाहुण्यांसमोर पेला भरत असेल, तर मुलगा कान बंद करतो आणि डोळे उघडे ठेवतो. सोसायटीची सभा, ग्रामसभा, चर्चचे मंडळ, निर्मळच्या यात्रेत जमणारी भजनी मंडळे, कोळीवाड्याची पंचायत, शाळेचे पालकमंडळ, ह्यांतली प्रत्येक सभा हा एक मांडव होऊ शकतो. शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही हा २००३ चा कायदा आहे. तो पाळला जातो की नाही हे पाहण्यास पोलीस लागत नाही, शाळेबाहेर मुलाला न्यावयास आलेली आई पुरेशी आहे.

दुसरी, संध्याकाळ भरली पाहिजे. कळंबचा किनारा हा मुलांना धावावयास दिलेला निसर्गाचा आखाडा आहे. त्यावर कबड्डीचा संघ, पोहण्याचा वर्ग, वाचनालय, मृदंगाची शिकवणी, काहीही चालो. पण ते रोज चालावे, आणि त्यात मोठ्या मुलांवर लहानांची जबाबदारी असावी. १९०८ चे स्वयंसेवक आपल्याला हेच सांगतात की तरुणाला सोपविलेले काम हे त्याला केलेल्या उपदेशाहून जास्त काळ टिकते.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, ही की परत येण्याचे दार उघडे असावे. आपल्याकडे घरातला मुलगा व्यसनी झाला हे कळले की पहिली धडपड ते झाकण्याची होते. लोक काय म्हणतील ह्या भीतीपायी सहा महिने जातात, आणि ते सहा महिने व्यापाऱ्याला मिळतात. वस्तुतः जो व्यसनी थोड्या प्रमाणासंबंधीच्या गुन्ह्यात सापडला असून स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यावयास तयार होतो, त्याला खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे. १४४४६ ह्या क्रमांकावर व्यसनमुक्तीसंबंधी विनामूल्य सल्ला मिळतो. एवढ्या कठोर कायद्यानेही एक दार उघडे ठेवले आहे. मग आपण शेजाऱ्यांनी ते आपल्या कुजबुजीने का बंद करावे? वर्जेला आणि सर्जेला असे तट आपल्या वस्तीत पडू द्यावयाचे नाहीत, हा १९२२ चा धडा आहे.

भुईगावच्या त्या दगडावर आज मोजकीच अक्षरे शिल्लक आहेत. राजाचे वैभव गेले, सोपाऱ्याचे बंदर गाळाने भरले, पण ज्यांना त्या लेखाने काम सांगितले ती माणसे, म्हणजे बाप, भाऊ, मित्र, शेजारी, ती ह्या किनाऱ्यावर अजून आहेत. आपल्या जिन्यावर रोज एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दिसत असेल, हल्ली शाळेत जाईनासा झालेला, डोळे चुकविणारा. उद्या तो भेटला तर त्याचे नाव विचारावे, संध्याकाळी तो कोठे जातो ते विचारावे, आणि जमल्यास त्याच्याबरोबर थोडे चालावे. त्याच्या आईशी दोन शब्द बोलावेत, आणि ते ओरडून नव्हे, हळू आवाजात. एवढ्याने सारे साधेल असे मी म्हणत नाही. परंतु ह्या किनाऱ्यावर आजवर जे काही साधले, त्याची सुरुवात अशाच कोणाच्या तरी शब्दाने झालेली आहे.